मिनी केग : आधी गारवा, मग गॅस

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मागे उन्हाळी सरबतांच्या धाग्यावर मी मिनी केगचा, म्हणजे पेय गॅसच्या दाबाखाली साठवून नळानं काढायच्या छोट्या पिंपाचा, उल्लेख केला होता. तेव्हापासून इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो.

मी जळगावचा. नऊ वर्षं इंग्लंडात लीड्सला होतो, दोन वर्षांपूर्वी परत आलो. तिथं मी घरी बीअर करायचो. १९६३ पर्यंत तिथंही त्यासाठी परवाना लागायचा, त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ती अट गेली. तेव्हापासून स्वतःच्या घरापुरती करायला मोकळीक आहे, विकायला नाही. आपल्याकडे ती मोकळीक नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा गुन्हा आहे. निम्म्या व्यनिंमध्ये हाच प्रश्न होता, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो. माझ्या जळगावच्या केगमध्ये आल्याचा सोडा असतो, कैरीचं सरबत असतं, कधी नुसता सोडा असतो. बीअरबद्दल जे लिहीन ते लीड्सच्या स्वयंपाकघरातलं, आणि आपली जी मुलंमुली परदेशात कायद्यात राहून करतात त्यांच्यासाठी. भांडं तेच, गॅस तोच, नियम तेच.

केगकडे वळलो तो बाटल्यांना कंटाळून. एका घाणीला (तिकडे बॅच म्हणतात) चाळीसेक बाटल्या. त्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, प्रत्येकीत मोजून साखर घालायची, बुच मारायचं आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. साखर जरा जास्त पडली की बाटलीच्या आत दाब वाढत जातो. एका जुलैत माझ्या कपाटातली एक बाटली फुटली आणि काचा पार समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. त्या वेळी खोलीत कुणी नव्हतं, एवढंच सुदैव. त्यानंतर मी पत्र्याचा ५ लिटरचा डबा आणला, वर रबरी बुच आणि खाली छोटा नळ असलेला. तो स्वस्त असतो, पण जास्त दाब त्याला सोसत नाही, तळ फुगून बाहेर येतो. शेवटी स्टीलचा घेतला. आज माझ्याकडे दोन आहेत, एक ५ लिटरचा आणि एक १० लिटरचा.

रचना साधी आहे. जाड स्टीलचं भांडं, वर आट्यांचं झाकण. झाकणावर दोन तोंडं : एकातून गॅस आत जातो, दुसऱ्याला आतून तळापर्यंत नळी असते, तिच्यातून पेय वर येतं. दोन्ही तोंडांत स्प्रिंगवर बसणारी छोटी झडप असते, त्यामुळे जोडणी काढली तरी दाब आतच राहतो. एक सेफ्टी व्हॉल्व्ह. बाहेर गॅसचा दाब कमी-जास्त करणारा छोटा रेग्युलेटर आणि त्याला आट्यांनी बसणारं १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं कार्ट्रिज. गॅस वरून दाबतो, पेय खालून नळीनं चढतं. आत हवा शिरत नाही, म्हणून शेवटचा ग्लास पहिल्यासारखाच लागतो. बीअरला हवेचं फार वावडं. प्राणवायू लागला की काही दिवसांत तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणून केग भरून झाकण लावलं की थोडा गॅस सोडायचा, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बाहेर काढायचा, आणि असं चार-पाच वेळा करून वरची हवा घालवायची. तिथं आळस केलेला मला दर वेळी चवीत कळला आहे.

आता माझा खरा मुद्दा. लोक केग घेतात आणि पहिल्या दिवसापासून रेग्युलेटरची किल्ली फिरवत बसतात. ग्लासात फेस आला की दाब कमी, गॅस कमी वाटला की दाब जास्त. गडबड बहुतेक वेळा तापमानात असते. थंड पाणी गॅस धरून ठेवतं, कोमट पाणी सोडून देतं. बीअरमध्ये साधारण अडीच पट गॅस असतो, म्हणजे एक लिटर बीअरमध्ये अडीच लिटर गॅस विरघळलेला, वजनात सुमारे ५ ग्रॅम. ४ अंशांना तेवढा गॅस धरून ठेवायला ११-१२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) दाब पुरतो. २० अंशांना २७-२८ लागतो. ३० अंशांना ४०. आणि ४० अंशांना ५५ च्या आसपास. लीड्सला हे आकडे मी कागदावर पाहिले होते. त्यांचा अर्थ जळगावात कळला.

परत आल्यावरचा पहिला मे. बहिणीकडे चोपड्याला जायचं होतं. सोड्यानं भरलेला छोटा केग सकाळी फ्रीजमधून काढला, गाडीच्या डिकीत ठेवला, आणि निघायला दुपारचे साडेबारा झाले. सोड्यात बीअरपेक्षा जास्त गॅस असतो, अडीचच्या जागी साडेतीन पट. विदगावच्या पुलाच्या अलीकडे मागून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. गाडी बाजूला घेतली, डिकी उघडली, तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून गॅस सुटत होता. व्हॉल्व्हनं त्याचं काम चोख केलं. तो अडकला असता तर काय झालं असतं हा विचार आजही अंगावर काटा आणतो. त्याच डिकीत न वापरलेली चार कार्ट्रिजसुद्धा होती. कार्ट्रिजमधला गॅस द्रवरूपात असतो, ३१ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही आणि आतला दाब झपाट्यानं चढतो. आपल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत कार्ट्रिज ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. कृपा करून कुणीही करू नका.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. आधी पेय रात्रभर ४ अंशांवर, मग गॅस, मग पुन्हा तीच थंडी, ग्लासात पडेपर्यंत. विचारा काय विचारायचं ते.

---

शहादेकर

भाऊ, भलतं झकास लिखेल शे. आमना गावमा आते पारा ४४ वर शे, फ्रीज बी हात टेकी देस. माले इतलंच सांगा, फ्रीजमा बसाले जागा किती लागस?

---

गिरणाकाठ

५ लिटरचा उभा ठेवला तर खालचा एक कप्पा काढावा लागतो, बाजूनं दोन लिटरच्या दोन बाटल्यांएवढी जागा. आडवा ठेवू नका. गॅसच्या तोंडात पेय शिरतं आणि तिथून रेग्युलेटरमध्ये. एकदा साखरेचं पाणी रेग्युलेटरमध्ये गेलं की तो चिकटून बसतो.

---

भुसावळची_लेक

दादा, मी भुसावळची, सध्या मिनेसोटात. इथं घरी बीअर करायला परवानगी आहे. १९७८ च्या कायद्यानं देशपातळीवर मोकळीक मिळाली, मोठ्या माणसामागे वर्षाला १०० गॅलनपर्यंत. तुमच्यासारखाच ५ लिटरचा स्टीलचा केग आहे. पहिल्याच घाणीला तीन चतुर्थांश ग्लास फेस आणि खाली चार घोट बीअर. मी ३० पीएसआय लावून दहा मिनिटं केग हलवला आणि रात्रभर तसाच जोडून ठेवला. नळ रेग्युलेटरला लागूनच आहे, नळी अशी नाहीच. कुठं चुकलं?

दुसरं, केग गॅरेजमध्ये ठेवला तर चालेल का? इथं जानेवारीत उणे २० असतं.

---

गिरणाकाठ

ताई, दोन गोष्टी एकत्र झाल्या. हलवून गॅस भरायची पद्धत चालते, पण ती काही मिनिटांची. थंड बीअरला ३० वर रात्रभर ठेवलं की अडीच पटीच्या जागी चार पटीकडे गॅस जातो. आता करायचं ते असं : रेग्युलेटर काढा, कडी ओढून वरचा दाब सोडा, तासाभरानं पुन्हा सोडा, दिवसभर असं करत राहा. जादा गॅस हळूहळू निघून जाईल. मग १२ वर लावून ४ अंशांत दोन दिवस राहू द्या. पुढच्या वेळी सुरुवातीपासूनच १२ वर लावून आठवडाभर विसरून जा. वेळ लागतो, पण जादा गॅस जायची भीती नाही.

दुसरी गोष्ट तोटीची. मोठ्या बारमध्ये केगपासून तोटीपर्यंत काही फूट बारीक नळी असते, त्या नळीच्या घर्षणात दाब खर्ची पडतो आणि बीअर शांतपणे ग्लासात उतरते. आपल्या मिनी केगची तोटी झाकणावरच बसते. १२ पीएसआयचा सगळा जोर थेट ग्लासात येतो. म्हणून ओतायच्या आधी गॅस बंद करायचा, कडीनं दाब ४-५ पर्यंत उतरवायचा, ग्लास तिरका धरून तोटी एकदम पूर्ण उघडायची. अर्धवट उघडली तर त्या फटीतच फेस तयार होतो. ओतून झालं की पुन्हा १२ वर. आणि तोटीही गार हवी. पहिला ग्लास फेसाळतो तो बहुतेक वेळा गरम तोटीमुळे. मी तोटी रात्री केगसोबत फ्रीजमध्येच ठेवतो.

गॅरेजमध्ये नको. बीअर उणे दोन-तीनला गोठू लागते, आणि गोठताना फुगते.

---

गोटी_सोडा

पाचोऱ्याकडचा आहे. माझ्या आजोबांची गोटी सोड्याची गाडी होती, वाचताना तेच डोळ्यासमोर आलं. ती काचेची, गळ्यात गोटी अडकलेली बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाची, १८७२ चं पेटंट. आतला गॅसच गोटीला वर दाबून तोंड बंद करतो, बुच लागतच नाही.

आजोबा पहाटे बर्फाची लादी आणून पाण्याच्या टाकीत टाकायचे. टाकीत हात घातला की बोटं बधिर व्हायला हवीत, तोवर यंत्राला हात लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं गिऱ्हाइकाला गार लागावं म्हणून बर्फ. एकदा बर्फ उशिरा आला, काकांनी तसाच सोडा भरला, आणि दिवसभर लोक म्हणत राहिले की सोड्याला मार नाही. आजोबा म्हणाले, "पाणी तापलेलं असलं की गॅस घरात राहत नाही." तुमचा बारा आणि पंचावन्नचा हिशेब त्यांना कुणी शिकवला नव्हता. बाटल्या भरताना त्या लोखंडी पेटीत बंद असायच्या आणि वर ओलं पोतं. काच फुटायची, म्हणून.

---

गिरणाकाठ

तुमच्या आजोबांना नमस्कार. माझ्या सगळ्या लेखाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

यात आणखी एक धागा जुळतो, सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी राहायचो त्या लीड्समध्येच १७६७ च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली हा शास्त्रज्ञ बीअरच्या कारखान्याशेजारी राहायला आला. पिंपात बीअर आंबत असताना वर जो गॅस साठायचा, त्यावर पाण्याची भांडी धरून त्यानं ते पाणी पिऊन पाहिलं. १७७२ ला त्यानं कृती छापली. सोडावॉटर असं बीअरच्या पिंपातून निघालं. आणि घरी बीअर करणारे जगभर जो मोठा १९ लिटरचा केग वापरतात, तो मुळात थंड पेयांच्या सरबतासाठी बनला होता. त्या कंपन्यांनी वेगळी पद्धत स्वीकारली तेव्हा जुने केग स्वस्तात निघाले आणि बीअर करणाऱ्यांनी ते उचलले. आमच्या मिनी केगचं झाकण त्याच घराण्यातलं आहे. सोड्यासाठी तो वापरताना मला कधी कमीपणा वाटत नाही.

---

अंजनीकाठ

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मनातलं बोलते. आमच्या गावात दारूनं किती घरं बसली ते मी मोजलं आहे. माझ्या माहेरची बायामाणसं दुकान बंद करा म्हणून रस्त्यावर बसली होती. पोरांसमोर केग, बीअर, तोटी हे सगळं इतक्या आवडीनं यावं का? सोडा करायला हे नाव कशाला?

---

गिरणाकाठ

ताई, तुमचं दुखणं खरं आहे. माझ्या चुलत्यांना मी याच कारणानं गमावलं, त्यामुळे तुमचं म्हणणं मला परकं नाही. दोन गोष्टी ठरवल्या आहेत. घरात मुलं असताना मी याला "सोड्याची टाकी" म्हणतो, आणि तिच्यात सोड्याशिवाय काही जात नाही, हे माझ्या दहा वर्षांच्या पुतणीला माहीत आहे. तीच कैरी गाळायला बसते. बीअरबद्दल इथं लिहिलं, कारण परदेशातली आपली मुलं अर्धवट माहितीवर दाबाची भांडी हाताळतात आणि त्यात इजा होते. जिथं कायदा "नाही" म्हणतो, तिथं माझंही उत्तर "नाही"च आहे.

---

अंजनीकाठ

उत्तर पटलं. पुतणीला शाबासकी सांगा.

---

देवपूरकर

धुळ्यात फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करतो, पंचवीस वर्षं झाली. केग मला माहीत नाही, पण फ्रीजबद्दल सांगतो.

फ्रीजच्या मागच्या पट्टीवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. टी लिहिलं असेल तर तो ४३ अंश खोलीपर्यंत नीट चालावा असा बनवलेला असतो. आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत मेमध्ये त्याच्यावर जातं. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि आत ४ च्या जागी १०-१२ मिळतात. गिऱ्हाईक म्हणतं गॅस संपला. गॅस असतो, खोली तापलेली असते. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची जाळी ब्रशनं साफ करा, वर कापडं-डबे ठेवू नका, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. दार उघडून बघत बसू नका. आत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, लाईट गेली की त्या गारवा धरतात. आणि एक साधा थर्मामीटर आत पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवा. फ्रीजवर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास नको, तो हवेचा असतो.

जुना फ्रीज केगसाठी वेगळा करणार असाल तर बाहेरून थर्मोस्टॅट लावता येतो, सेन्सर केगला चिकटवायचा. पण स्टॅबिलायझर लावल्याशिवाय नको. आपल्याकडचं व्होल्टेज कॉम्प्रेसर खातं.

---

गिरणाकाठ

देवपूरकर, पाण्याच्या ग्लासातल्या थर्मामीटरसाठी शतशः आभार. आत्ताच लावून पाहिला. फ्रीज ४ दाखवतो, पाणी ८ वर आहे. गेले दोन आठवडे सोडा थोडा मवाळ का लागत होता ते आता कळलं.

---

यावलचा_शेतकरी

भाऊ, आमच्याकडे थंडीत भरीत पार्टी असते. शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, साठ-सत्तर माणसं. तिथं लाईट नसते. दहा लिटरचा केग नेता येईल का? आणि तोटी महाग दिसते, प्लंबरकडची पितळी तोटी लावली तर?

---

गिरणाकाठ

तोटीचं आधी : पितळी नको, तांब्याची नळीही नको. गॅस विरघळला की पाणी आंबट होतं आणि ते तांबं विरघळवतं. पितळेत तांबंच असतं. वर क्रोमचा मुलामा असला तरी तो आतून झिजतो. पोटात तांबं गेलं तर मळमळ, उलट्या. साठ माणसांना घरच्या पाहुणचारात हे व्हायला नको. स्टीलची तोटी एकदाच घ्या. नळी खाद्यपदार्थांसाठीची घ्या, बागेतली नको.

शेतात न्यायला हरकत नाही, फ्रीजऐवजी बर्फ. हिशेब मांडतो. ५ लिटर पेय ३० वरून ४ अंशांवर आणायला कागदावर १.६ किलो बर्फ वितळावा लागतो. भांडं, हवा, वाटेतली गळती धरून ३ किलो धरा, १० लिटरला ६. नुसता बर्फ भोवती रचू नका, स्टीलला तो चार ठिकाणीच टेकतो. बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, केग गळ्यापर्यंत बुडवा, मूठभर जाडं मीठ टाका. तासा-दीड तासात गार होतं. मात्र घरून निघतानाच तो फ्रीजमध्ये रात्रभर गार झालेला असेल तर बर्फ फक्त टिकवायला लागतो, आणि गॅसही घरीच भरलेला असतो. भरीत पार्टीला थंडी असते ही तुमची मोठी सोय.

उन्हाळ्यात बर्फ मिळाला नाही तर ओलं पोतं आणि वारा. आपला मे कोरडा असतो, माठ त्यावरच चालतो. ४३ अंशांत ओल्या पोत्यातला केग पंचविशीपर्यंत उतरतो. तेवढ्यावर सोडा चांगला होत नाही, पण भरलेला केग सावलीत सुरक्षित राहतो.

---

गोटी_सोडा

गॅसचं काय? साठ माणसांना कार्ट्रिज परवडणार नाहीत. आमच्याकडे वेल्डिंगवाल्याकडे सिलिंडर मिळतो. आग विझवायचा जुना सिलिंडरही घरात पडून आहे.

---

गिरणाकाठ

आग विझवायचा बिलकूल नको. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यातून गॅसऐवजी थेट द्रव बाहेर येतो. रेग्युलेटर त्यासाठी नसतो. आत तेल-ग्रीस काय आहे तेही ठाऊक नसतं. वेल्डिंगचा गॅस खाण्यासाठी शुद्ध केलेला असेलच असं नाही. सोड्याच्या दुकानांना पुरवठा करणाऱ्याकडून खाद्य दर्जाचा म्हणून मागून घ्या, आणि सिलिंडर उभाच ठेवा, साखळीनं बांधून. बंद खोलीत गळती झाली तर हा गॅस जड असल्यानं जमिनीलगत साठतो. खिडकी उघडी असू द्या. जोडणी झाली की सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला की वायसर बदला.

कार्ट्रिजचा हिशेबही लिहून ठेवतो. साडेचार लिटर सोड्यात साडेतीन पट गॅस भरायला सुमारे ३१ ग्रॅम, म्हणजे दोन कार्ट्रिज. तो बाहेर ढकलायला आणखी एक. बीअरला गॅस कमी लागतो, पण तिथंही भरणं आणि बाहेर ढकलणं धरून तिसरं फोडावं लागतं. म्हणून लीड्सला मी केगमध्ये लिटरमागे ३-४ ग्रॅम साखर घालून निम्मा गॅस बीअरकडूनच तयार करून घ्यायचो. बाटलीला ६-७ लागते.

---

सूक्ष्मजीव

जळगावात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. धाग्यात स्वच्छतेबद्दल कमी आलं आहे म्हणून लिहिते.

सरबतात साखर आहे, आंबटपणा आहे, आणि जंगली यीस्ट आपल्या हवेत, कैरीच्या सालीवर, आल्याच्या मातीत सगळीकडे असतं. ४ अंशांत ते जवळजवळ झोपलेलं असतं. मेच्या दुपारी चार-सहा तास लाईट गेली आणि फ्रीज तापला की ते जागं होतं, साखर खातं, गॅस सोडतं. बंद भांड्यात तो गॅस तुमच्या १२ किंवा २० पीएसआयवर आणखी चढतो, आणि थोडं अल्कोहोलही तयार होतं. लहान मुलं पिणार असतील तर हे लक्षात ठेवा. गोड सरबत केगमध्ये तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

मला विचाराल तर केगमध्ये फक्त थंड पाण्याचा सोडा भरावा आणि सरबताचा अर्क ग्लासात वेगळा घालावा. केगमध्ये साखर नाही, म्हणजे यीस्टला खाणं नाही, धुणंही सोपं.

केग धुताना दोन्ही तोंडांच्या झडपा आणि आतली नळी सुटी करा, नळीला बारीक ब्रश लागतो. धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी, मग साधं पाणी, मग निर्जंतुकीकरण. कपड्यांचं ब्लीच स्टीलमध्ये भरून ठेवू नका, क्लोरीन त्याला बारीक खड्डे पाडतं आणि जंतू त्या खड्ड्यांत राहतात. रबरी रिंगांना वास लवकर धरतो, आल्याच्या आणि साध्या सोड्याच्या रिंगा वेगळ्या ठेवा.

---

तळोदेकर

मोहाच्या फुलांचं सरबत केगमध्ये भरलं तर? आमच्याकडे सुकी फुलं घरात असतात, उकळून गाळलं की गोड पाक होतो.

---

सूक्ष्मजीव

पाक करून ताजा प्या, चव सुंदर असते. केगमध्ये भरू नका. मोहाचं फूल बहुतांशी साखरच आहे आणि उन्हात ते आंबायला काही तासच लागतात. बंद भांडं, वाढता दाब आणि वर कायद्याचा प्रश्न.

---

गिरणाकाठ

सूक्ष्मजीव ताई, सोडा वेगळा आणि अर्क वेगळा हे मी आजपासून पाळणार, निदान कैरीला. कैरीचा गर कितीही गाळला तरी त्याचे तंतू झडपेत अडकतात आणि प्रत्येक तंतूभोवती फेस उठतो. आल्याचं मात्र केगमध्येच घालेन, मलमलीतून दोनदा गाळून. गॅसमध्ये मुरलेल्या आल्याची झणझण वरून घातलेल्या अर्काला येत नाही.

---

गिरणाकाठ

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. कसं झालं ते सांगतो.

दोन्ही बहिणी माहेरी, मामा-मामी, शेजारपाजार धरून तीस-बत्तीस माणसं. पुरणपोळी, आमरस, अंगणात कडुलिंबाला झोका. दहा लिटरच्या केगमध्ये साधा सोडा, पाचच्या केगमध्ये आल्याचा. दोन दिवस आधी फ्रीज भिंतीपासून ओढला, जाळी साफ केली, पाण्यातला थर्मामीटर पाचवर आल्यावरच गॅस लावला.

अडीचच्या सुमारास लाईट गेली. गेल्या वर्षी मी अशा वेळी घाबरून दाब वाढवला होता आणि सगळ्यांना फेस वाढला होता. या वेळी फ्रीजचं दार बंदच ठेवलं. सव्वातीनला पानं उठली तेव्हा दोन्ही केग काढून बर्फाच्या पाण्याच्या घंगाळात बसवले, तोटी त्याच पाण्यात बुडवून गार केली, दाब पाचवर उतरवला. पहिल्या ग्लासापासून शेवटच्यापर्यंत दोन बोटं फेस, त्याखाली स्वच्छ सोडा. ग्लासात कैरीचा अर्क पुतणी घालत होती. मामा गोटी सोड्याच्या काळातले. त्यांनी एक घोट घेतला, नाकात गॅस गेला, डोळे पुसले आणि म्हणाले, "याला मार आहे."

पाचोऱ्याच्या आजोबांचा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि मी दुसरा ग्लास भरून त्यांच्या हातात दिला.

---

भुसावळची_लेक

दादा, माझंही जमलं. दिवसभर दाब सोडत राहिले, मग १२ वर दोन दिवस. तोटी फ्रीजमध्ये. काल नवऱ्यानं ग्लास बघून विचारलं, विकतची आणलीस का? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आल्याच्या सोड्याची कृती आधी विचार. देता का?

---

गिरणाकाठ

आईंना नमस्कार सांगा. ५ लिटरच्या केगला साडेचार लिटर, वर थोडी जागा मोकळी हवी.

दीडशे ग्रॅम आलं, सालीसकट स्वच्छ धुऊन, किसून. चारशे ग्रॅम साखर. आठ-दहा मिरे ठेचून, चिमूटभर मीठ. दीड लिटर पाण्यात आलं, साखर, मिरे घालून दहा मिनिटं मंद उकळा, झाकून तासभर ठेवा, मलमलीतून दोनदा गाळा, पिळू नका. पिळलं की गढूळ होतं आणि फेस वाढतो. उरलेलं उकळून गार केलेलं पाणी घाला. रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी सहा लिंबांचा रस, तोही गाळून. उकळत्यात लिंबू घातलं की कडू होतं. केगमध्ये भरा, चार वेळा हवा काढा, २० पीएसआय लावा आणि ४ अंशांत पाच दिवस राहू द्या.

भुसावळला आई करणार असतील तर २० पीएसआय लावण्याआधी केगवर कोरलेला कमाल दाबाचा आकडा वाचायला सांगा, आणि केग दुपारी फ्रीजबाहेर काढू देऊ नका.